दाजींचा दोर

मित्रांनो, बारामतीतल्या एका घराच्या माळ्यावर, बिघडलेल्या कुलरच्या मागे मी गुंडाळून पडलेला असतो. मी गड चढणाऱ्यांचा दोर आहे. आता म्हातारा झालो. उन्हाळ्यात इथं पत्रा तापतो, पावसाळ्यात दमट वास येतो, आणि खाली घरात कोण काय बोलतंय ते सगळं ऐकू येतं. मला बोलता येत नाही. याचा त्रास मला एके दिवशी फार झाला. त्या दिवसाचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

आधी माझी घडण सांगतो. एका कारखान्यात बारीक, पांढऱ्या धाग्यांचे पीळ एकत्र करून माझा गाभा तयार झाला. त्याच्यावर निळ्या-पिवळ्या धाग्यांची घट्ट वीण घातली. लोकांना दिसते ती वीण. माणसाचं वजन पेलतो तो आतला गाभा. वीण धडधाकट आणि गाभा तुटलेला असंही होऊ शकतं. आणि तसं झालं तर बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नाही.

मला पुण्याच्या दुकानातून चिंतामणांनी आणलं. ते बारामतीत कॉलेजात भूगोल शिकवतात. महिन्यातल्या एखाद्या रविवारी दहा-बारा ओळखीच्या माणसांना घेऊन ते पडके गड पाहायला निघत. माझा त्यांना फार अभिमान. कुणी चुकून माझ्यावर पाय दिला, तर ते ओरडत, "अरे, दोरावर उभे राहू नका. खडे आत शिरतात!" निघायच्या आदल्या संध्याकाळी मांडी घालून बसत आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत. तेव्हा मला अगदी गुदगुल्या व्हायच्या.

त्यांच्या गटात स्वरदा नावाच्या दातांच्या डॉक्टर होत्या. पहिल्यांदा कडा उतरताना त्या इतक्या घाबरल्या होत्या, की त्यांचे डोळेच उघडेनात. खाली पोचल्यावर त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "बाबा रे, तू होतास म्हणून आले." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी शाबासकी.

पुढे चिंतामणांचा गुडघा दुखू लागला. गड कमी झाले, आणि मी माळ्यावर गेलो. तिथंच माझं नशीब फिरलं.

चिंतामणांच्या पत्नी संजीवनी या निरवांगी गावच्या. त्यांचा धाकटा भाऊ यशराज तिकडे शेती करतो. उसाची तोड चालू असताना एकदा तो बारामतीला ट्रॅक्टरचा सुटा भाग न्यायला आला होता. बहीण स्वयंपाकघरात होती. त्याला पाणी देऊन ती वळली, आणि याची नजर माळ्यावर गेली. शेतात भरलेली ट्रॉली रुतली होती आणि साखळी तुटली होती. 'उद्या परत ठेवू, त्यात काय विचारायचं,' असं त्याला वाटलं असेल. त्यानं मला उचललं आणि जीपमध्ये टाकलं.

मित्रांनो, मी माणसाला जपायला बनलो होतो. उसानं भरलेली ट्रॉली ओढायला नाही. माझं एक टोक ट्रॅक्टरला बांधलं आणि दुसरं ट्रॉलीला. मधे मी एका लोखंडी कडेवर घासत होतो. ट्रॅक्टर गुरगुरला. मी ताणला गेलो, आणखी ताणला गेलो, आणि माझ्या आत काहीतरी तुटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. ट्रॉली चिखलातून बाहेर आली. सगळे ओरडले, "निघाली, निघाली!" माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

यशराजचं मात्र गेलं. मला गुंडाळताना त्याची बोटं एका जागी थांबली. त्यानं ती जागा पुन्हा चाचपली. बाकी सगळीकडे मी टणक होतो, तिथंच पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. वरची वीण शाबूत होती. त्याचा चेहरा उतरला. त्यानं मला मोटारीच्या पाण्याखाली धुतलं, सावलीत वाळवलं, होतं तसं गुंडाळलं आणि गुपचूप माळ्यावर आणून ठेवलं. तो काही वाईट माणूस नाही. पण बहिणीचा नवरा, त्यातून शिकवणारा माणूस. दाजींपुढे तोंड कसं उघडायचं, हे त्याला सुचलं नाही.

तेव्हापासून मला चैन पडेना. माळ्याखाली पावलं वाजली की वाटायचं, आता मला काढतात. कुणीतरी माझ्यावर विसंबणार आणि मी त्याला सोडणार. रिकामा पडून राहण्याचं मला पूर्वी दुःख होतं. आता मी मनातून म्हणत असे, मला इथंच राहू द्या.

पण थंडीत चिंतामणांचा गुडघा बरा झाला. त्यांनी स्वरदा आणि गटातल्या काही जणांबरोबर सहल ठरवली. सकाळी ताथवड्याचा संतोषगड, दुपारी वारुगड, संध्याकाळी घरी. ही बातमी निरवांगीला पोचली, आणि यशराजची आई शकुबाई यांनी हट्टच धरला. मी तो फोनवर ऐकला.

"जावईबापू, मला बी न्या की. सारा जलम उसाच्या बांधावर गेला. गड कसा असतो ते टीव्हीतच बघितलं."

"मामी, चालावं लागतं बरं का."

"चालायचं मला सांगताय व्हय?"

चिंतामण हसले आणि तयार झाले. त्यांचे सासरे हिंदुराव तेवढे तोडीमुळे घरी थांबणार होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी शकुबाई आणि यशराज मुक्कामाला आले, जेवणाची गडबड झाली, आणि एरवी मांडी घालून मला तपासणारे चिंतामण त्या दिवशी बसलेच नाहीत. सकाळी त्यांनी मला तसाच सॅकमध्ये भरला.

यशराजनं ते पाहिलं. त्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"दाजी, दोर कशापायी? सोपं गड हायत म्हनला न्हवं?"

"असू दे रे. सोबत असला की बरं."

 मी वाट पाहत होतो. आता सांगेल, जीपमध्ये बसल्यावर सांगेल, फलटणला चहाला थांबल्यावर सांगेल. तो गप्पच.

संतोषगडावर शकुबाईंनी सगळ्यांना मागे टाकलं. लेकीचे बूट घालून त्या झपाझप चढल्या. खडकात खोदलेली विहीर पाहून कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "येवढ्या वर येवढं पानी! कुनी वं खांदली असंल?" यशराजनं माझी सॅक चिंतामणांकडून मागून घेतली होती. "द्या दाजी, तुमचा गुडघा." चिंतामणांना मेहुण्याचं कौतुक वाटलं. मला खरं कारण माहीत होतं. मी त्याच्या पाठीवर असलो म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नव्हतो. चढताना त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मला सॅकमधून जाणवत होतं. आम्ही दोघं एकाच भीतीनं चाललो होतो.

दुपारी वारुगड. माचीवरच्या गावातून पुढे थोडी चढण झाली आणि सगळे वर पोचले. तट बऱ्याच ठिकाणी ढासळला होता. घडीव दगड गवतात पडले होते. खाली लांबवर फलटणकडचं सपाट रान पसरलं होतं. सगळे डबे उघडत होते. शकुबाई मात्र उठून कडेला गेल्या. डोळ्यांवर हात धरून त्या उगवतीकडे पाहू लागल्या.

"आगं संजे, आपली निरवांगी दिसंल का गं हितनं? कारखान्याचा धूर तर दिसंल?"

"आई, कडेला जाऊ नकोस!"

हे वाक्य पुरं होईपर्यंत त्यांच्या पायाखालचा दगड हलला. एक दगड, मग त्याच्याबरोबर मुरूम, आणि शकुबाई दिसेनाशा झाल्या.

संजीवनी किंचाळल्या. सगळे धावले. ढासळलेल्या तटाखाली मुरमाचा तीव्र उतार होता, आणि उतार संपला की सरळ कडा. शकुबाई उताराच्या मधोमध एका झुडपाला धरून पडल्या होत्या.

"मी हाय... हितं हाय," खालून आवाज आला. "हात दुखतुया. आन् ह्ये झाड उपटाया लागलंय रं यशा."

फोनला रेंज नव्हती. संजीवनी माणसं आणायला गावाकडे पळाल्या. पण झुडपाच्या मुळाशी माती सुटत होती, ती वरून दिसत होती. थांबायला वेळ नव्हता. चिंतामणांनी सॅक ओढून घेतली आणि मला बाहेर काढलं. जरा मागे एक जुनं झाड होतं. माझं एक टोक त्यांनी झाडाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला आणि मांड्यांना. त्यांच्या गाठी सुरेख होत्या. पण गाठींनी काय होणार? माझी दुखरी जागा झाड आणि त्यांच्या मधे होती.

मित्रांनो, त्या घटकेला मला काय वाटलं ते कसं सांगू! मला ओरडायचं होतं. पीळ सोडून द्यावा, गाठ निसटू द्यावी, काहीतरी करावं. दोराला यातलं काहीच करता येत नाही. चिंतामणांनी पाठ दरीकडे केली. एक पाय मागे टाकला. मी ताठ होऊ लागलो. आत एक धागा गेला.

"दाजी, थांबा!"

यशराज पुढे आला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"जाऊ नका. दोर आतनं तुटलाय. मी... मी ट्रॉली ओढली त्यानं. तुमाला सांगितलं न्हाय."

 खालून मुरूम घरंगळल्याचा आवाज आला. चिंतामणांनी पाय वर घेतला. त्यांनी यशराजकडे एकदा पाहिलं. ती नजर मला आजही आठवते. मग त्यांनी राग बाजूला ठेवला, जसं माणूस हातातलं ओझं खाली ठेवतो.

"कुठे? जागा दाखव."

यशराजनं न शोधता ती जागा दाखवली. चिंतामणांनी मला तिथं वाकवलं. मी कागदासारखा दुमडलो. त्यांनी खिशातला चाकू काढला आणि मला त्या जागेच्या अलीकडे कापलं. दुखलं का? दुखलं. पण एवढं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता वेगळीच अडचण आली. माझा जो चांगला भाग राहिला, तो झाडापासून शकुबाईंपर्यंत पोचेना.

"मला बांधा," यशराज म्हणाला. तो कडेपासून थोडा मागे बसला, एका गाडलेल्या घडीव दगडाला त्यानं दोन्ही पाय टेकवले आणि मला कमरेभोवती घेतलं. स्वरदा आणि बाकीचे त्याच्या मागे बसले, त्याला घट्ट धरून. "झाडाची बी जागा म्या घेतो. तुमी उतरा, दाजी."

चिंतामण क्षणभर थांबले. ज्यानं आपल्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवली, त्याच्याच हातात जीव द्यायचा होता. त्यांनी गाठ ओढून पाहिली आणि उतरले.

त्यांचं वजन माझ्यावर आलं. यशराजचे हात सोलवटले, मी त्याच्या तळव्यांतून सरकताना तिथली कातडी माझ्या विणीला लागली. पण त्यानं पकड सैल केली नाही. चिंतामण शकुबाईंपर्यंत पोचले. त्यांनी माझ्याच टोकाचा फास शकुबाईंच्या काखेखालून घेतला आणि दोघं मिळून, गुडघ्यांवर, कोपरांवर, इंचाइंचानं वर येऊ लागले. अर्ध्या वाटेत ते झुडूप सुटलं. ते कड्यावरून खाली गेलं, आणि बराच वेळ त्याच्या पडण्याचा आवाज आला नाही.

शकुबाई वर आल्या तेव्हा त्यांच्या केसांत मुरूम होता आणि एक बूट गेला होता. स्वरदांनी मनगट पाहिलं, पाय पाहिला. "मोडलेलं दिसत नाही, पण फोटो काढायला हवा," असं त्या म्हणाल्या. शकुबाईंचं लक्ष गवतात पडलेल्या माझ्या दुसऱ्या तुकड्याकडे होतं.

"चांगला दोर कुनी कापला वं?"

"मीच कापला, मामी," चिंतामण म्हणाले. "थोडा खराब झाला होता."

त्यांनी एवढंच सांगितलं. मान वळवून यशराजच्या हातांवर ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतू लागले. यशराज मात्र तसाच बसून राहिला आणि लहान मुलासारखा रडला. "आई, माझ्यामुळं झालतं समदं. दाजी गेलं असतं आज." मग त्यानं आईला सगळं सांगितलं. तोवर संजीवनी गावातली माणसं घेऊन पोचल्या होत्या. त्यांनी शकुबाईंना आळीपाळीनं उचलून खाली नेलं.

आम्ही जीपमधून परत निघालो. उसाच्या ट्रॉल्या मागे पडत होत्या. चिंतामण म्हणाले, "यशराज, दोर खराब झाला म्हणून काय, नवा आणता आला असता. तू बोलला नसतास तर काय केलं असतं आपण?"

"दाजी, मला भ्या वाटत हुतं तुमचं."

"माझं? अरे, मग चूक माझीही आहे थोडी."

मित्रांनो, वस्तू सांभाळा असं तुम्हाला सगळेच सांगतात. धुवा, पुसा, सावलीत ठेवा. यशराजनं तेही केलं होतं. म्हणून माझी विनंती वेगळी आहे. दुसऱ्याची वस्तू घ्यायची झाली तर विचारून घ्या. आणि तुमच्या हातून तिला काही झालं, तर परत देताना तेही सांगा, कितीही लाज वाटली तरी. आम्हाला तोंड नाही. आमच्याऐवजी तुम्हालाच बोलावं लागतं. आणि मोठ्यांनो, तुम्हीही एक करा. सांगायला आलेल्याला आधी बसायला सांगा, रागवायचं ते नंतर.

चिंतामणांनी नंतर नवा दोर आणला. लाल रंगाचा आहे, आणि तो खाली कपाटात असतो. मागच्या आठवड्यात यशराजनं तो मागून नेला, गावातल्या मित्रांना गड दाखवायला. रविवारी संध्याकाळी फोन वाजला. चिंतामणांनी तो स्पीकरवर घेतला, त्यामुळं मला माळ्यावर नीट ऐकू आलं.

"दाजी, दोर जीपमधी डिझेलच्या डब्यापाशी पडला हुता. एका टोकाला वास येतोय. झालं न्हाय काय, पर सांगून ठेवतो."

"बरं केलंस. घेऊन ये, दोघं मिळून बघू. आणि जेवायलाच ये."

तो लाल दोर मला ओळखत नाही. आमची कधी भेटही होणार नाही. पण त्या संध्याकाळी त्याच्याबद्दलची काळजी माझ्या मनातून गेली. त्याचं दुखणं सांगणारं माणूस त्याला मिळालं होतं.