मोरीपुढची तीनशे पावलं

मित्रांनो, त्या रविवारी फाटकवाल्या मावशी हरल्या असत्या, तर त्यांच्या मुलाचा फायदाच फायदा होता. दोन घरांची काळजी एका घरात आली असती, दर आठवड्याची खेप वाचली असती आणि 'आईला किती जपतो!' असं चारचौघांत नाव झालं असतं ते वेगळंच. आणि मावशी जिंकल्या, तर त्यांना काय मिळणार होतं? स्वतःच्याच दोन खोल्या आणि दाराची कडी स्वतःच्या हातात. ती पैज माझ्यापाशी ठरायची होती, म्हणून मी सांगतो.

मी एक जुना अंतराचा दगड आहे. खाणीतून निघालो तेव्हा अगदीच ओबडधोबड होतो. एका पाथरवटाने छिन्नीने ठोकून मला माणसांत आणलं आणि पोटावर ७ हा आकडा कोरला. मग मोजणीवाल्यांनी साखळी ताणून मला आगगाडीच्या रुळांकडेला, एका मोरीला खेटून पुरलं. मोरी म्हणजे रुळांखालून ओढ्याचं पाणी जाण्यासाठी बांधलेला ठेंगणा पूल. सहा नंबरचा माझा भाऊ फाटकापाशी उभा होता. आम्हा दोघांत बरोबर एक किलोमीटर, वीतभरही इकडेतिकडे नाही. दरवर्षी मला चुना लागे, आकड्यावर काळा रंग चढे. धावत्या इंजिनातून ड्रायव्हर मान वळवून मला वाचत असे. एवढा मान भल्याभल्या पुस्तकांनाही मिळत नाही.

फाटकाची उघडझाप मावशींकडे होती. त्यांचे यजमान हातोडी घेऊन रोज रुळांच्या चाव्या, म्हणजे रूळ घट्ट धरणाऱ्या लोखंडी पाचरी, ठोकत चालायचे. दुपारी गाडी नसली की मावशी डबा घेऊन यायच्या आणि दोघं मोरीच्या कठड्यावर बसून जेवायचे. मी शेजारीच असे.

पुढे गाड्या बंद झाल्या. रूळ उचलले गेले. हातोडीवालेही एक दिवस गेले. मला वेलींनी गिळलं, आकड्यावर शेवाळ चढलं. मी कितवा, हे मलाच आठवावं लागे!

बऱ्याच वर्षांनी तिथे पायवाट झाली. आगगाडीला चढ मानवत नाही, त्यामुळे वाट ताटासारखी सपाट. म्हातारे गुडघे तिला अजून दुवा देतात. पण काम करून घेणारा मुकादम हौशी निघाला. "हा मोरीपाशी कशाला? त्या झाडाखाली शोभून दिसेल," म्हणत त्याने मला उपटलं आणि तीनशे पावलं पुढे नेऊन रोवलं. वर ताजा रंगही दिला. खोटं बोलायला लावायचं आणि नवे कपडे घालून उभं करायचं, अशातली गत.

गेल्या वर्षी मावशी अंगणात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. बऱ्या झाल्या, तरी मुलाचा जीव थाऱ्यावर येईना. शेवटी पैज लागली. फाटकापासून सात नंबरच्या दगडापर्यंत जाऊन परत यायचं, मध्ये कुठेही बसायचं नाही. जमलं तर मावशी इथेच राहणार. नाहीतर गाठोडं बांधून मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर.

रविवारी सकाळी दोघं निघाले. मावशींच्या हातात काठी, मुलाच्या पायात नवे कोरे बूट. सरळ वाटेवर मला ते लांबूनच दिसले. मोरीपाशी मावशी थांबल्या आणि त्यांनी कठड्यावर हात ठेवला. खरं तर जाण्याचं अंतर तिथेच पुरं झालं होतं. पण सांगणार कोण? मला आकडा आहे, तोंड नाही!

"दमलीस ना?" मुलगा म्हणाला. "बस, आई. मी गाडी बोलावतो."

"बसते कशाला? ओळखीची जागा दिसली, भेटून घेतलं. चल."

काठी पुन्हा वाजू लागली. टक, टक. पूर्वी रुळांवर हातोडी अशीच वाजायची.

माझ्यापाशी पोचताच मावशींनी माझ्या डोक्यावर टपली मारली. मुलाला मात्र बूट चावले होते. तो मटकन माझ्यावर बसला.

"अरे, बसायचं नाही असं कोण म्हणालं होतं?"

"ते तुझ्यासाठी होतं!"

"बरं, मग बसून ऐक. हा दगड मूळचा मोरीपाशी होता. उचलून इथे आणलाय. तीनशे पावलं जादा चालवलंस मला."

"तुला ठाऊक होतं? मग तिथूनच का नाही वळलीस?"

"वळले असते, तर घरी जाऊन तूच म्हणाला असतास, दगडापर्यंत कुठे गेलीस? आता म्हण."

मावशी वळल्या. दहा पावलांवर जाऊन त्यांनी मागे पाहिलं. "येतोस, की गाडी बोलावू?"

मुलगा बूट हातात घेऊन अनवाणी निघाला. मावशी कुठेही न बसता फाटकाशी पोचल्या आणि त्यांनी आपल्या हातांनी शेजारच्या घराची कडी काढली.

पुढच्या रविवारी मुलगा मुकादमाला घेऊन आला, पहारीसकट. आज मी पुन्हा मोरीपाशी, माझ्या खऱ्या जागेवर उभा आहे. मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका. आणि जुना दगड असो की जुनं माणूस, शोभेसाठी किंवा सोयीसाठी जागचं हलवण्याआधी त्याला निदान एकदा विचारा.

आता हिशेब. मावशींनी जाऊन-येऊन सहाशे पावलं जादा मोजली. मुलाने टाचांचे दोन फोड मोजले. मुकादमाच्या कंबरेत उसण भरली, ती मला उचलताना. आणि दर आठवड्याची खेप? ती मुलाकडेच राहिली. हल्ली तो चपला घालून येतो आणि मावशींच्या मागून चालतो.