हातमोज्याआतली आग

मी कातडी बोलतेय. हो, कातडीच. त्वचा म्हटलं की लोकांना साबणाची जाहिरात आठवते, म्हणून मला हेच नाव बरं. आज मी चिडले आहे. गोड बोलायची अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही मला पिशवी समजता. हाडं-मांस भरायचं, वरून पावडर थापायची, झालं! अहो, आईच्या पोटात मी आणि मेंदू एकाच थरातून घडलो. सख्खी भावंडं आम्ही. तो आत जाऊन बसला, मी दारात उभी राहिले, पण आमचं बोलणं कधी तुटलं नाही. मज्जातंतू आमचे निरोप नेतात, रक्तातून संप्रेरकं येतात, आणि रोगप्रतिकारशक्तीचे राखणदार माझ्या थरांत डोळ्यांत तेल घालून बसलेले असतात. एकाला चिमटा बसला की बाकीचे कळवळतात.

माझी बाई सलूनमध्ये केस कापते. तिच्या कात्रीसाठी गिऱ्हाइकं ताटकळत बसतात. पण या सलूनची एक मिजास आहे: केस धुणं, रंग लावणं, सगळं उघड्या हातांनी. सुरुवातीलाच बाईने हातमोजे मागितले होते. मालकीण मॅडम हसल्या. "आपण काय भांडी घासतोय का? गिऱ्हाइकाला मायेचा हात लागतो!"

माया म्हणे! दिवसभर पाणी, शाम्पू आणि वर रंग. माझ्यातलं तेल धुऊन गेलं, भेगा पडल्या, त्यांतून रंग आत शिरला. राखणदारांनी त्याला शत्रू ठरवलं आणि कायमचं लक्षात ठेवलं. मग थेंब लागला तरी बोटं सुजून लाल व्हायची. त्यात मॅडमचा आवाज चढला की मेंदू घाबरून निरोप धाडायचा, मज्जातंतूंची टोकं पेटायची, राखणदार आणखी बिथरायचे. ताणाची संप्रेरकं रोजच येऊ लागली, तशी माझी डागडुजीही रखडली. आणि बाई? खाजवत, हसत, "हो मॅडम, चालेल मॅडम."

मग नणंदेने एक ट्यूब आणून दिली. "वहिनी, जादू आहे बघा! डॉक्टरबिक्टर काही नको."

जादू कसली डोंबलाची! त्यात स्टेरॉइड होतं. राखणदारांना नुसती गुंगी चढली. लाली गेली म्हणून बाई खूश होऊन पुन्हा रंगात हात घालू लागली. गुंगी उतरली की ते दुप्पट चवताळून उठायचे, आणि ती पुन्हा मलम चोळायची. असं करता करता मी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाले.

एक दिवस गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या टॉवेलला माझं रक्त लागलं. मॅडमनी बाईला आत नेलं आणि हातमोजे अंगावर फेकले. "हे घाल. लोकांना किळस येते."

मला वाचवायला मोजे नव्हते, लपवायला बरे निघाले! त्यावर माझी बाई म्हणाली, "थँक्यू, मॅडम." माझा नुसता तिळपापड झाला.

शेवटी बाई डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ट्यूब पाहून कपाळाला हात लावला. "हे मलम मी सांगेन तसंच कमी करायचं. आणि रंग उघड्या हाताला अजिबात लागता कामा नये, नाहीतर कात्री धरणं मुश्कील होईल. कामावर काही त्रास?"

"नाही हो, सगळं छान आहे."

हे बोलताना तिची मान लालभडक झाली. ती मी केली. खोटं मला जमत नाही.

आज आत्ता मॅडम सांगून गेल्यात, "खास गिऱ्हाईक बाई येतायत. त्यांच्यापुरते मोजे काढ गं." रंग कालवून तयार आहे. बाईची बोटं मोज्याच्या कडेवर आहेत.

बाई, ऐक. तुला ऐकू जातील असे शब्द मला येत नाहीत. लाल होणं, सुजणं, फाटणं, एवढंच मला येतं, आणि ते सगळं करून मी दमले. तुझ्या तोंडात जीभ आहे ना? गिळतेस तू आणि फाटते मी! मोजा काढायच्या आधी एकदा 'नाही' म्हण. नाही म्हणालीस, तर मी हळूहळू का होईना, भरून येईन. नाही म्हणाली नाहीस आणि उद्या ही बोटं कात्रीभोवती मिटेनाशी झाली, तर मला बोल लावायचा नाही.