पुना नावाचे गाव

शुक्रवार, दिनांक ७ जुलै १९८९. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. धुळ्यातल्या देवपूर भागातल्या बँकेत व्यवस्थापकांच्या मेजासमोर आम्ही तिघे बसलो होतो: सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारे माझे शेजारी पुना वना देवरे, त्यांची कन्या सुगंधा आणि मी. मेजावर मस्कतहून आलेला एक ड्राफ्ट होता. रक्कम नऊ हजार सहाशे चाळीस.

पुनानानांचा मुलगा रुपचंद याने अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी याच शाखेतून कर्ज घेतले होते. मस्कतला नोकरी लागल्यापासून तो दर सहा महिन्यांनी बँकेच्या नावे ड्राफ्ट पाठवी, नाना तो भरत आणि व्याजाचा हिशेब मी तपासून त्याला कळवी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला एवढे काम हवेच असते. या वेळी मात्र रुपचंदने आठ महिने बचत करून उरलेले सगळे कर्ज एकदम फेडायचे ठरवले होते, कारण सुगंधाला जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली होती. शुल्काची मुदत बुधवारी, १२ तारखेला संपत होती. बँकेचा नियम असा की एका घरात एका वेळी एकच शैक्षणिक कर्ज. भावाचे खाते बंद झाल्याशिवाय बहिणीचे उघडणार नव्हते.

व्यवस्थापकांनी ड्राफ्ट उजेडात धरला, चष्मा पुसला आणि पुन्हा धरला.

"वना देवरे कोण?"

"मना बाप," नाना म्हणाले.

"त्यांना घेऊन या. ड्राफ्ट त्यांच्या नावाचा आहे. आणि इथे नाही, पुण्याच्या शाखेत वटेल."

नाना माझ्याकडे वळले. "आबा, मना बाप मरी ग्या त्याले वीस वरीस व्हयनात. आते त्याले पुण्याले कसा धाडू?"

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. शेवटची रक्कम वडिलांनी आपल्या हाताने भरावी, या हौसेने रुपचंदने प्रथमच बँकेऐवजी वडिलांच्या नावे ड्राफ्ट मागितला होता. अर्जावर त्याने लिहिले: पुना वना देवरे. मस्कतच्या कारकुनाने पुना हे गाव मानले, वना देवरे हा माणूस मानला आणि दोघांना आपापल्या रकान्यांत बसवले.

सुगंधाला हसू आवरेना. मग तिला बुधवार आठवला आणि ते मावळले.

"ड्राफ्ट परत पाठवा, ते नवा देतील," व्यवस्थापक म्हणाले. "जायला दहा दिवस, यायला दहा."

"आणि जागा?" सुगंधाने विचारले. त्यांनी ड्राफ्ट नानांकडे सरकवला.

माझे निवृत्तिवेतन तेव्हा नऊशे वीस रुपये होते आणि नानांच्या दुकानातली मोठ्यात मोठी विक्री म्हणजे टायर. नऊ हजार आम्हा दोघांकडून चार दिवसांत उभे राहणे शक्य नव्हते. मी एवढेच विचारले, "साहेब, पैसे तारेने थेट कर्जखात्यात आले तर?"

"उद्या निघाले तर मुंबईमार्गे मंगळवारपर्यंत येतील. पण नाव नीट लिहायला सांगा."

"नाव लिहायचेच नाही," मी म्हणालो. "फक्त खाते क्रमांक."

शुक्रवारी मस्कतला सुट्टी असते, हे आमच्या पथ्यावर पडले. तार कार्यालयातून फोन लावला. रुपचंद खोलीवरच होता. नानांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"रुपचंद, तू तुना आजाले पुण्याले धाडी दिन्हं का रे?"

पलीकडून काय उत्तर आले ते कळले नाही, पण नाना ओरडले, "लिखं तू, वाचं त्यास्नी. मना नावनं गाव करी टाकं."

मी रिसीव्हर घेऊन सगळे सांगितले. रुपचंदचा आवाज उतरला. "आबा, बचत सगळी त्या ड्राफ्टात गेली. ती परत मिळायला महिना लागेल. दुसरे नऊ हजार मी कुठून..."

तेवढ्यात मागून कोणी तरी रिसीव्हर घेतला. "आबा, मी तोताराम बोलून राह्यलो, सावद्याचा. एकाच खोलीत राहतो आम्ही. या महिन्याची भिशी मलेच लागली. माह्या बहिणीचं लगन दिवाळीनंतर हाय, तोवर पैसा गादीखाली झोपून काय करीन?"

"अरे, पण भिशीतला तुझा नंबर..."

"ड्राफ्टाचे पैसे वापस आले का रुपचंद माह्या हातावर ठेवीन. तुम्ही खाते क्रमांक सांगा. आन् रुपचंदले लिहू नका देऊ, मी लिहितो."

मी क्रमांक दोनदा सांगितला आणि त्याच्याकडून उलट वाचून घेतला. ड्राफ्टातला हिशेब आठ तारखेपर्यंतचाच होता, म्हणून पुढच्या दिवसांच्या व्याजाचे पंधरा रुपये जास्त पाठवायलाही सांगितले. मिनिटांचा आकडा वाढत होता, तरी नानांना आणखी एकदा बोलायचे होते. ते म्हणाले, "तोताराम, इकडे येशीन तधय तुनी सायकल फुकट दुरुस्त करसू." मस्कतमध्ये सायकल चालवायला तोतारामला सवड कुठे होती! तरी तो हसून हो म्हणाला.

मंगळवारी नाना दुकान न उघडता नऊपासूनच बँकेच्या पायरीवर बसले होते. सुगंधा घरी थांबली होती. पैसे आल्याचा मुंबईचा फोन यायचा तर आपण समोर नसलेलेच बरे, असे तिचे म्हणणे. साडेअकराला व्यवस्थापकांनी दारातूनच होकाराची मान हलवली. मी हिशेब मांडला: येणे नऊ हजार सहाशे त्रेपन्न रुपये वीस पैसे, जमा नऊ हजार सहाशे पंचावन्न. कारकुनाने खाते बंद करून एक रुपया ऐंशी पैसे नानांच्या तळहातावर ठेवले. नानांनी ते खिशात घातले नाहीत. समोरच्या टपरीवरून तेवढ्यात येतील तेवढ्या गोळ्या आणून त्यांनी बँकेतल्या प्रत्येकाला एकेक वाटली. आठव्या माणसापर्यंत पुरल्या. नववे व्यवस्थापक होते, त्यांना मधुमेह होता.

दुपारी सुगंधाच्या कर्जाचा अर्ज भरताना व्यवस्थापक 'वडिलांचे नाव' या रकान्यापाशी थांबले.

"पुना," नाना म्हणाले, "हाई माणूस शे, साहेब. समोर बशेल शे."

"दिसतंय," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी ते नाव ठळक अक्षरांत लिहिले. संध्याकाळपर्यंत कर्ज मंजूर होऊन महाविद्यालयाच्या नावाचा पाच हजारांचा ड्राफ्ट आमच्या हातात आला.

बुधवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही जळगावला गेलो. शुल्काच्या खिडकीवर रांग होती. सुगंधा तीत एकटीच उभी राहिली. आम्ही झाडाखाली थांबलो. दोन वाजून चाळीस मिनिटांनी ती पावती हलवत आली. विद्यार्थिनी: सुगंधा पुना देवरे. गाव: धुळे. भरलेली रक्कम: रुपये ५,०००.