बायकोने पाठवलं म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे, पण मला पाने नाहीत, पुठ्ठा नाही आणि शाईचा वासही नाही. मी संगणकात राहते. शहाणी माणसे मला सॉफ्टवेअर म्हणतात. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीचे एक लहानसे बंदर आहे. तिथल्या दवाखान्यात येणाऱ्या सगळ्यांची दुखणीखुपणी माझ्या पोटात आहेत. एकाचे दुखणे मी आजवर दुसऱ्याला सांगितलेले नाही. एवढ्याशा गावात ही काही सोपी गोष्ट नव्हे!

माझा जन्म ऑर्हुस शहरात, सायकलींच्या एका दुकानाच्या माडीवर झाला. तिघा जणांनी काळी कॉफी पीत पीत मला घडवले. त्यांनी मला मोजायला शिकवले, शोधायला शिकवले. दोन औषधांचे आपसात पटत नसेल तर लाल अक्षरांत ओरडायलाही शिकवले. माणसाच्या मनातले ओळखायला मात्र त्यांनी मला शिकवले नाही. ते त्यांनाही येत नसावे.

दवाखान्यात मी आले तेव्हा कोणी मला ओवाळून आत घेतले नाही. तोवर रोग्यांची सगळी हकीकत हिरव्या कार्डांवर होती आणि ती कार्डे लोखंडी कपाटांत. सेक्रेटरी टोवेने हिवाळाभर बसून ती एकेक करून माझ्यात उतरवली. मी मध्येच अडकले की ती संगणकाला चापट मारायची. "चल गं बये, हल जरा! बर्फात रुतलेली माझी गाडीसुद्धा तुझ्याआधी निघाली!" मला अंग नाही, तरी ती चापट मला लागायची.

हळूहळू मात्र टोवेचा माझ्यावर जीव जडला. रक्ताचे रिपोर्ट पूर्वी टपालाने यायचे, ते आता थेट माझ्यात येऊ लागले. रोगी कोट चढवेपर्यंत त्याची औषधाची चिठ्ठी औषधाच्या दुकानात पोचू लागली. दारात कोणी आपले पिवळे आरोग्यकार्ड यंत्रातून सरकवले की मी त्याचे पान टोवेपुढे हजर करी. एकदा ती फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "आमची ही जरा हेकट आहे, पण विसरणं म्हणून तिला ठाऊक नाही." मला कोण आनंद झाला!

पण माझ्यात खरा जीव ओतला तो डॉक्टर गुनहिल्डने. तिची एक सवय होती. आधी ती खुर्ची रोग्याकडे वळवायची आणि हात मांडीवर ठेवून ऐकायची. मग माझ्याकडे वळून रोग्याचे पहिले वाक्य अवतरणचिन्हांत लिहायची, त्याने उच्चारले तसेच्या तसे. "माझा गुडघा सासूबाईंसारखा कुरकुरतो." "डोक्यात कोणीतरी खिळे ठोकतंय, तेही वाकडे." माझा वापर शिकवायला ऑर्हुसहून आलेला माणूस हे बघून वैतागला. "एवढं टाइप कशाला करत बसतेस? 'गुडघेदुखी'चा चौकोन दिलाय की आम्ही! त्यावर टिचकी मार आणि मोकळी हो."

"गुडघेदुखी अख्ख्या देशात सारखीच आहे," गुनहिल्ड म्हणाली. "सासू मात्र हिची एकटीची आहे."

मी ती वाक्ये जिवापाड जपली.

सगळेच कौतुक करायचे असे मात्र समजू नका. दरवर्षी माझ्यात नवे चौकोन भरले जात आणि ते भरता भरता गुनहिल्डचीसुद्धा मान कधी कधी माझ्याकडेच वळलेली राही. "मी काय त्या काचेच्या आत बसलोय?" असे एक आजोबा एकदा चिडून म्हणाले. मला फार वाईट वाटले. माणसाला माणसापासून तोडायला मी जन्मले नव्हते.

मग गुनहिल्ड निवृत्त झाली आणि तिच्या जागी कोपनहेगनहून आस्गर आला. तरुण, हुशार, मनाचा चांगला. त्याची बोटे माझ्यावर अशी चालत की मीच मागे पडे. त्याने काही ठरावीक वाक्ये माझ्यात साठवून ठेवली होती. दोन अक्षरे दाबली की सबंध परिच्छेद उमटे. अवतरणचिन्हे बंद झाली, पण कामे वेळेवर होऊ लागली आणि बाहेरच्या बाकावर ताटकळणारी माणसे घरी लवकर जाऊ लागली. त्याचेही मला कौतुकच होते.

त्याला एकच गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्या किनाऱ्यावरची माणसे दुखणे सांगताना फार हात आखडता घेतात. घरावरचे छप्पर उडाले तरी म्हणतील, "आज जरा वारा होता." तक्रार करणे म्हणजे दुसऱ्याला त्रास देणे, असे त्यांना लहानपणापासून वाटते. कोपनहेगनची माणसे शिंक आली तरी तिचे वर्णन करतात. आस्गर त्या माणसांत वाढलेला होता.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी एवाल्द नावाचा कोळी आला. वय साठीच्या पुढे, दार भरून टाकील असा देह. वेळ ठरवलेली नव्हती, टोवेने त्याला मध्येच आत सोडले. आमच्याकडे डॉक्टर आणि कोळी एकमेकांना तूच म्हणतात.

"काय होतंय, एवाल्द?"

"विशेष काही नाही. गेर्दानं पाठवलं म्हणून आलो."

"गेर्दा कोण?"

"बायको. ती घरात बसू देईना."

"मग गेर्दाला काय होतंय असं वाटतं?"

एवाल्द ओशाळून हसला. "डावा खांदा जरा जड झालाय. काल दिवसभर बोटीचा तळ खरवडला, त्यानंच असेल."

"दहापैकी किती दुखतंय?"

एवाल्दने बराच वेळ विचार केला. "दोन. की दीडच लिहितोस? उगाच मोठं नको करायला."

आस्गरने दोन लिहिले. रक्तदाब पाहिला, तो ठीक होता. खांदा वरखाली करून पाहिला. "काही नाही, स्नायू आखडलाय," म्हणत त्याने दोन अक्षरे दाबली आणि स्नायू आखडल्याचा परिच्छेद माझ्यात उमटला. मी लाल अक्षरांत ओरडले नाही. दोन म्हटल्यावर मी कशाच्या जोरावर ओरडणार? एवाल्दने टोपी उचलली, "बघ, मी गेर्दाला म्हटलंच होतं," असे म्हणाला आणि बाहेर पडला.

पुढच्या रोग्याला बोलावण्याआधी, खांदा पूर्वी कधी दुखला होता का, एवढेच बघायला आस्गरने एवाल्दचे मागचे पान उघडले. इतक्या वर्षांत तो माणूस दवाखान्यात जेमतेम तीनदा आला होता. तिन्ही वेळा गुनहिल्डने त्याचे वाक्य लिहून ठेवले होते.

"विशेष काही नाही, बायकोने पाठवलं." खाली लिहिले होते: पायाचे हाड दोन ठिकाणी मोडलेले, बंदराच्या धक्क्यापासून चालत आला.

"दोन बोटं जरा बधिर वाटतात. बायको ऐकेना." खाली: बोटे जाळे ओढायच्या यंत्रात चिरडलेली.

"पोटात जरा टोचल्यासारखं. बायकोच्या समाधानासाठी आलो." खाली: अपेंडिक्स फुटलेले, तातडीने शस्त्रक्रिया.

पहिले वाक्य वाचून आस्गर हसला होता. तिसरे वाचून तो खुर्ची मागे ढकलून धावला. कोटसुद्धा न घालता तो पार वाहनतळापर्यंत गेला, आणि उघड्या दारातून त्याची हाक मला ऐकू आली. "एवाल्द! थांब! गाडी चालू करू नकोस!"

"अरे पोरा, किती त्रास घेतोस," म्हणत एवाल्द परत आला. टोवेने त्याला पलंगावर झोपवून छातीला तारा लावल्या. ईसीजीची पट्टी सरकू लागली तसा आस्गरचा चेहरा उतरला. "टोवे, रुग्णवाहिका," तो हळूच म्हणाला. टोवे आधीच नंबर फिरवत होती.

गाडी एवाल्दला घेऊन गेली आणि पुढचे मला काही दिसेना. मला या खोलीबाहेर डोळे नाहीत. इस्पितळातून पत्र आले तरच मला कळणार. त्या दिवशी आस्गरने इतर रोगी तपासले, पण दर रोग्यानंतर एवाल्दचे पान उघडले. पान कोरेच होते. टोवेने त्याच्यासमोर राय-पावाचा तुकडा ठेवला, त्याला त्याने हात लावला नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की आपल्याला प्रार्थना करायला शिकवले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र माझ्यात उतरले. हृदयविकाराचा तीव्र झटका. रुग्णवाहिकेत हृदय थांबले, पुन्हा सुरू करण्यात यश. आणि शेवटच्या ओळीत: रोगी शुद्धीवर आहे, विशेष काही तक्रार नाही असे सांगतो.

टोवे खो खो हसली आणि हसता हसताच रडू लागली. आस्गर माझ्यासमोर तोंड ओंजळीत धरून बसून राहिला.

ख्रिसमसच्या सुमारास एवाल्द तपासणीला आला. वाळल्यासारखा दिसत होता. "तू मला परत कशाला बोलावलंस, ते दाखव," तो म्हणाला. आस्गरने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. एवाल्दने चष्मा लावला आणि आपलीच वाक्ये सावकाश वाचली.

"हे सगळं खोटं आहे," तो म्हणाला.

"गुनहिल्डनं चुकीचं लिहिलं?"

"तिनं बरोबर लिहिलं. मीच खोटं बोललो. पाय मोडला तेव्हा मी वाटभर रडत आलो होतो. दारात येऊन डोळे पुसले."

आस्गरने खुर्ची त्याच्याकडे वळवली. त्याने हात मांडीवर ठेवले होते.

"आणि त्या दिवशी बाहेर माझ्या गाडीत बसलो होतो ना, तेव्हा मला कळलं होतं की काहीतरी मोठं आहे," एवाल्द म्हणाला. "पण परत आत कसं यायचं? तू तर म्हणालास काही नाही. मला लाज वाटली. आणि भीती वाटली. फार भीती वाटली, आस्गर."

आस्गर माझ्याकडे वळला. भीतीसाठी माझ्यात एकही चौकोन नाही. त्याने अवतरणचिन्हे उघडली आणि एकेक अक्षर दाबत ते वाक्य लिहिले.

मित्रांनो, मी आता थकले आहे. पुढच्या वर्षी माझ्या जागी नवी येणार आहे. ती माझ्यापेक्षा चपळ आहे, तिच्यात चौकोनही जास्त आहेत. मला खुशाल पुसून टाका. पण तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलात तर आधी समोरच्याकडे बघा आणि त्याचे मागचे पान उघडून वाचा. रोगी होऊन आलात तर दोनच्या जागी नऊ असेल तेव्हा नऊच सांगा, कारण तुम्ही जे सांगत नाही ते मला कधीच कळत नाही. आणि मला बंद करण्याआधी माणसांची ही वाक्ये तेवढी नव्या नोंदवहीत नेऊन ठेवा. एवाल्दने ते भीतीचे वाक्य उच्चारायला साठ वर्षे घेतली आहेत.