राहून गेलेली खूण

मित्रांनो, मी एक जुनी चित्रपाटी आहे. दगडी पाटीची शिकलीसवरलेली धाकटी बहीणच म्हणा ना! माझ्यावर पेन फिरवले की रेघ संगणकाच्या पडद्यावर उमटते. माझ्या अंगावर राहतात ते फक्त ओरखडे.

कारखान्यातून मी थेट भिंगरीच्या टेबलावर आले. एका जागी बसणे तिला ठाऊकच नव्हते, म्हणून घरात हे नाव पडले. तिचे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "एक पाटी माझी, एक तुझी," असे म्हणत त्यांनी मला तिच्या हाती दिले. मग आम्ही मांजरे काढली, जिन्यात गप्पा मारणाऱ्या शेजारणी काढल्या, वाळत घातलेले मोजेसुद्धा सोडले नाहीत. ती चित्रे मोबाइलवर झळकली आणि बघता बघता हजारो लोक तिची वाहवा करू लागले. माझी तर छाती फुगली.

पण तिच्या चित्रांची एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. भिंगरीच्या गालावर बोटाच्या पेराएवढी तांबूस जन्मखूण आहे. स्वतःचा चेहरा काढताना तिचा हात सवयीने ती खूणही रेखाटायचाच. मग डावा अंगठा माझ्या कोपऱ्यातले पुसायचे बटण दाबायचा आणि खूण गायब. त्या बटणाचा रंग सगळ्यांत आधी उडाला. "किती नितळ चेहरा!" असे लोक लिहीत, आणि भिंगरी आरशाकडे पाठ करून केस विंचरी. मला फार वाईट वाटे.

एकदा जवळच्या वाचनालयाने तिला मुलांना चित्रकला शिकवायला बोलावले. भिंगरी आईकडे धावली.

"आई, त्यांना ती मोबाइलवरची मुलगी हवी आहे गं. मला बघून हसतील सगळे."

"ताप आलाय म्हणून कळव," आई म्हणाली. "पण असा ताप किती वेळा आणशील?"

इकडे कार्यक्रमाची पाटी रंगवायचे काम बाबांकडेच आले. तिचे मोबाइलवरचे चित्र समोर ठेवून त्यांनी चेहरा रंगवला आणि त्या दिवशी सकाळीच पाटी वाचनालयाच्या दारावर टांगून आले.

"भिंगरे, तुझ्या चित्रात गालावरची खूण राहून गेली होती बघ," ते हात पुसत म्हणाले. "मी घातली. घाईत होतं असं."

तिच्या हातातले पेन गळून पडले. "बाबा, राहिली नव्हती ती. मी पुसली होती."

"पुसली?" बाबांना काही उमजेना. "अगं, मग ते तुझं चित्र कसं?"

भिंगरी बराच वेळ रडली. मग तिने तोंड धुतले, मला पिशवीत घातले आणि निघाली. पाटी तर टांगली गेलीच होती.

वाचनालयाच्या दारात एक चिमुरडी कधी पाटीकडे, कधी तिच्याकडे बघत उभी होती. "ताई, तूच ना ती? मी लगेच ओळखलं!"

त्या दिवशी मुलांसमोर भिंगरीने स्वतःचा चेहरा काढला. हाताने खूणही रेखाटली. अंगठा सवयीने बटणावर आला. मी श्वास रोखून धरला. मग अंगठा हळूच बाजूला झाला.

आता तिच्याकडे नवी चित्रपाटी आहे आणि मी वाचनालयात मुलांच्या हाती असते. मित्रांनो, माझी वायर ओढू नका, माझ्यावर पाण्याचा पेला ठेवू नका. आणि स्वतःचा चेहरा काढाल, तेव्हा कोपऱ्यातल्या त्या रंग उडालेल्या बटणाला जरा विश्रांती द्या. बिचाऱ्याने आजवर फार काम केले आहे.