सत्यवतीबाईंचा पहिला घास

आवं माय, काय दिवस होता तो! अठ्ठ्याहत्तरचा वैशाख, नागपूरचं ऊन, अन् आमच्या जरीपटक्याच्या घरात मी सकाळपासून नुसती नाचून राहिली होती. रामटेकहून रविंद्र मले पाहाले येणार होता! तो तिथल्या शाळेत मास्तर. गेल्या दसऱ्याले दीक्षाभूमीवर लोकाइले पाणी वाटता वाटता त्यानं आख्खा गिलास माह्या पातळावर सांडवला, अन् माफी मागता मागता बाबाकडून आमचा पत्ता काढून घेतला. आता बोला! त्याच्याआधी दोन पाहुणे पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेले ते गेलेच. त्याइचं मले काही सोयरसुतक नव्हतं. पण हा हातचा गेला असता तं मी मेलीच असती.

एक डोळा खिडकीत, एक कढईत, असे मी पोहे केले.

आले! रविंद्र अन् त्याची माय, सत्यवतीबाई. एवढ्या उन्हात गळ्याभोवती पदर गच्च गुंडाळलेला. डावी पापणी अर्धी खाली. मले वाटलं, काय घमेंड आहे बापा! चेहऱ्याच्या उजव्या बाजूनं घाम गळून राहिला, अन् डावी बाजू ठणठणीत कोरडी. असं कुठं असते का? मी ट्रे धरून पाहतच राहिली. मायनं मले चिमटा काढला.

रविंद्रनं घाईघाईत घास कोंबले अन् माह्याकडं पाहून म्हणाला, "मस्त झाले पोहे!"

मी तं हवेतच गेली.

मग सत्यवतीबाईनं पोह्यावर लिंबू पिळलं, पहिला घास घेतला, चावला, अन् तोंड असं वाकडं केलं, बाप्पा रे! डोळ्यात टचकन पाणी, हात जबड्याले, घास तसाच तोंडात.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. पसंत नाही तं नाही म्हणा, पण माह्या हातचं खाऊन असं तोंड? मी सरळ गेली अन् बाईच्या हातची प्लेट हिसकावली.

"नका खाऊ! पोरगी नसन आवडली तं सांगून द्या न. तोंड कायले वाकडं करता?"

"प्रेमलता!" बाबा ओरडले. मायनं कपाळाले हात लावला. रविंद्र ताडकन उभा झाला. तवा मले समजलं, मी काय करून बसली ते. माह्याच हातानं सारं मोडलं होतं. मी उभ्या उभ्या रडाले लागली.

सत्यवतीबाईनं कसाबसा घास गिळला. माह्याकडं पाहिलं, अन् गळ्याचा पदर सोडला. कानामागून पार गळ्यापर्यंत टाक्यांचा हा लांब व्रण!

"रडू नको वं पोरी. गळ्यात खोल गाठ होती मले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात आपरेशन झालं. गाठ साधीच होती, डॉक्टरनं तपासून सांगतलं. पण नसेले चिकटून होती, काढताना ते नस गेली. तवापासून ही पापणी पडली, इकडचा घाम बंद झाला, अन् जेवाले बसलं का पहिल्या घासाले इथं अशी कळ येते का ब्रह्मांड आठवते. आंबट असलं तं विचारूच नको. दोन-चार घासात आपोआप उतरते."

"मंग आधी सांगतलं काहून नाही ताई?" मायनं विचारलं.

"गाठ म्हटलं का लोक कॅन्सरच म्हणतेत. मंग माह्या पोराले पोरगी कोण देईन? सख्ख्या बहिणीले हा गळा दाखवला नाही मी. पण ही रडली, म्हणून दाखवला. आता तुमी ठरवा, देवरावजी."

बाबा मायकडं पाहाले लागले. त्याइच्या तोंडातून शब्द निघाच्या आत मी प्लेट परत बाईच्या हातात दिली अन् तिच्यापाशी खालीच बसली.

"दुसरा घास घ्या, आई."

आई! तोंडातून निघूनच गेलं. मायनं जीभ चावली, रविंद्रचे कान लाल झाले.

बाईनं दुसरा घास घेतला. डोळे मिटले. तिसरा. आमी सारे तिच्या जबड्याकडं टक लावून. हळूहळू चेहरा सैल झाला. चवथा घास. अन् पुन्हा कपाळाले आठी!

"कळ आली का?" मी घाबरली.

"कळ गेली. आता कुठं चव लागून राहिली." बाई माह्याकडं पाहे, प्लेटीकडं पाहे. "अवं, पण याच्यात मीठ कुठं आहे?"

बाबानं आपल्या प्लेटीतला घास खाऊन पाहिला अन् मान खाली घातली. मले धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. बाईनं रविंद्रची प्लेट पाहिली. चाटूनपुसून साफ.

"काहून गा? सारे अळणी पोहे खाल्ले अन् वरून मस्त म्हणते?"

रविंद्र जमिनीकडं पाहून हसून राहिला होता. बाबालेही हसू आवरेना.

"देवरावजी," बाई म्हणाली, "माही गाठ साधी होती, पण हा पोरगा काही आता हातात राहिला नाही. तारीख धरा. अन् तू वं, मीठ आण आधी!"