ग्रंथालय विभागाची बैठक

आमच्या कॉलेजला ‘काम करायला उत्तम जागा’ म्हणून पुरस्कार मिळाला, तोही कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणावरून. दारात आता एवढा थोरला फलक लागलाय की मागचा नोटीस बोर्ड दिसत नाही.

सर्वेक्षणात नाव लिहायचं नव्हतं, फक्त विभाग लिहायचा होता. म्हणून मीही मनातलं लिहून टाकलं. ‘कामावर कुणी तुमची विचारपूस करतं का?’ नाही. ‘डबा खायला सोबत असते का?’ नाही. माझी सहायक निवृत्त झाली, तिचा कप तेवढा मागे राहिला, आणि तेव्हापासून या विभागात मी एकटीच आहे, हे लिहिताना डोक्यातच आलं नाही.

निकाल विभागवार लागला. बाकी सगळे खूश, ग्रंथालय शंभर टक्के नाराज. आता चारचौघांत माझी शोभा होणार, या धास्तीने मी दोन दिवस खाली मान घालून फिरले. कसली शोभा न् कसलं काय! कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग एका दुपारी ऑफिसातला नवा अधिकारी आला. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला.

“मॅडम, तुमच्या विभागात फारच नाराजी दिसते. प्राचार्यांनी सगळ्यांशी निवांत बोलायला सांगितलंय. बाकीचे कुठे आहेत?”

बाकीचे म्हणजे कोण रे बाबा, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण तो चांगला ऐसपैस बसला होता.

“येतीलच एवढ्यात,” मी म्हणाले, आणि तिचा कप धुवायला घेतला.